पोर्टर मागे पडली, इंडिया पेल एल पुढे गेली: बिअरच्या प्रकारांचे भवितव्य कशावर ठरते?

धागाकर्ता

पुण्यामुंबईच्या अनेक मायक्रोब्रुअरींमध्ये आज आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही फिकट रंगाची बिअर, मिळते आणि तिच्याबरोबर तिची कुळकथाही ऐकायला मिळते. इंग्लंडहून हिंदुस्थानापर्यंतच्या लांबच्या प्रवासात बिअर नासत असे, म्हणून हॉजसन नावाच्या लंडनच्या एका ब्रुअरने भरपूर मद्यार्क आणि भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी एका वेलीची बोंडे) असलेली नवीच बिअर शोधून काढली, असा त्या कथेचा गाभा असतो. यातला हॉजसन खरा आहे, हॉप्स खरे आहेत आणि प्रवासही खरा आहे. शोधाचा भाग मात्र खरा नाही. शिवाय या कथेमुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. त्याच काळात, तशाच जहाजांतून, पोर्टर नावाची काळसर बिअरही हिंदुस्थानात येत होती आणि तिचे प्रमाण पेल एलपेक्षा अधिक होते. बरोबरीने आलेल्या या दोन बिअरपैकी एक जवळजवळ नामशेष का झाली आणि दुसरी जगभर का पसरली, हा या धाग्याचा विषय आहे. माझे मत आधीच मांडतो. बिअरच्या एखाद्या प्रकाराचा उदय किंवा अस्त पिणाऱ्याच्या जिभेपेक्षा इंधन, कर, पाणी, जहाजाचे भाडे आणि युद्धे यांनी जास्त घडवला आहे.

सुरुवात माल्टच्या भट्टीपासून करावी लागते. सातू भिजवून, त्याला मोड आणून, नंतर तो उष्णतेने वाळवला की माल्ट तयार होतो. इंग्लंडमध्ये हे वाळवण्याचे काम दीर्घकाळ लाकूड किंवा पेंढ्याच्या विस्तवावर होत असे, आणि लाकडावर वाळवलेला माल्ट तपकिरी होऊन त्याला धुराचा वास लागत असे. दगडी कोळसा मुबलक होता, पण त्याच्या गंधकयुक्त धुरामुळे माल्ट बिअरच्या लायकीचा राहत नसे. सतराव्या शतकाच्या मध्यास डर्बीशायरमध्ये कोळशापासून बनवलेला कोक या कामाला वापरला जाऊ लागला. त्याचा विस्तव धुराविना जळणारा आणि काबूत राहणारा असल्यामुळे फिकट रंगाचा माल्ट भरवशाने करता येऊ लागला. हा माल्ट महाग पडे. त्यामुळे फिकट बिअर जमीनदारांच्या आणि सधन लोकांच्या घरी, तर तपकिरी बिअर लंडनच्या कष्टकऱ्यांच्या हाती, अशी विभागणी अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्पष्ट झालेली होती.

१७२० च्या दशकात लंडनच्या ब्रुअरांनी याच तपकिरी बिअरमध्ये हॉप्स वाढवले आणि ती महिनोन्महिने मुरवून विकायला सुरुवात केली. टेम्स नदीच्या धक्क्यांवर आणि शहराच्या रस्त्यांवर ओझी वाहणारे हमाल, म्हणजे पोर्टर, ही बिअर आवडीने पीत असत आणि त्यांच्यावरूनच तिला हे नाव पडले. १७२२ साली राल्फ हारवुड नावाच्या ब्रुअरने ती एका दिवशी शोधली, ही कथा बरीच नंतरची आहे. पोर्टरचे खरे वैशिष्ट्य असे की ती जितक्या मोठ्या प्रमाणावर मुरवावी तितकी स्वस्त पडे. गोदामात वर्षभर भांडवल अडकवून ठेवण्याची ऐपत ज्यांच्याकडे होती ते ब्रुअर मोठे झाले आणि लहान ब्रुअर मागे पडले. व्हिटब्रेडच्या ब्रुअरीत १७८५ साली वाफेचे इंजिन बसले. कारखानदारी पद्धतीने तयार होणारी जगातली पहिली बिअर म्हणून पोर्टरचेच नाव घ्यावे लागेल.

त्या कारखानदारीची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळील म्यूक्स यांच्या ब्रुअरीत सुमारे २२ फूट उंचीच्या एका लाकडी टाकीवरची लोखंडी पट्टी निसटली. अशा पट्ट्या अधूनमधून निसटतच, म्हणून तिथल्या कारकुनाने दुरुस्तीसाठी चिठ्ठी लिहून ठेवली. त्यानंतर तासाभरातच टाकी फुटली. तिच्या धक्क्याने आणखी पिंपे फुटली, मागची भिंत कोसळली आणि पोर्टरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीतल्या तळघरांत शिरला. आठ जण मृत्युमुखी पडले आणि ती सर्व बायका-मुले होती. चौकशीत हा दैवी अपघात ठरवण्यात आला. वाया गेलेल्या बिअरवर आधीच भरलेले उत्पादन शुल्क संसदेने ब्रुअरीला परत दिले आणि त्यामुळे ती बुडण्यापासून वाचली. बिअरच्या इतिहासात कर किती खोलवर गुंतलेला आहे, हे या एका घटनेतून दिसते.

पोर्टरच्या अंतरंगात बदल घडवला तो हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने. १७८० च्या दशकात ब्रुअर हे उपकरण वापरू लागले आणि त्यांना आढळले की तपकिरी माल्टमधून मिळणाऱ्या गोड अर्काचे प्रमाण फिकट माल्टपेक्षा बरेच कमी आहे. म्हणजे स्वस्त वाटणारा माल्ट प्रत्यक्षात महाग पडत होता. ब्रुअर फिकट माल्टकडे वळले खरे, पण मग बिअरला काळा रंग आणायचा कसा? काहींनी जळवलेली साखर आणि इतर पदार्थ वापरले, तर सरकारने १८१६ साली माल्ट आणि हॉप्स यांखेरीज सर्व पदार्थांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलर यांनी कॉफीप्रमाणे फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले आणि काळा माल्ट जन्माला आला. आज स्टाउटमध्ये, म्हणजे पोर्टरच्याच कुळातल्या काळ्या बिअरमध्ये, आपल्याला जी भाजलेली, कॉफीसारखी चव लागते, तिचे मूळ या कायद्यात आणि या पेटंटमध्ये आहे. अठराव्या शतकातल्या हमालाने ती चव ओळखलीही नसती.

आता इंडिया पेल एलकडे वळतो. जॉर्ज हॉजसन यांची ब्रुअरी १७५२ पासून पूर्व लंडनमधील बो येथे होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे ब्लॅकवॉलला नांगर टाकीत आणि बोहून तिथे नदीमार्गे माल पोचवणे सोपे होते. कंपनीच्या कप्तानांना खासगी व्यापारासाठी जहाजात काही जागा मिळत असे. हिंदुस्थानाकडे जाताना जहाजे रिकामी असत आणि परतताना भरलेली, त्यामुळे जातानाचे भाडे कमी होते. हॉजसन या कप्तानांना अठरा महिन्यांपर्यंत उधारी देत असत, म्हणजे माल मुंबई-कलकत्त्याला विकून कप्तान परत आल्यावर पैसे चुकते करी. हॉजसन यांची बिअर सर्वोत्तम होती म्हणून ती इथे पोचली, असे मला वाटत नाही. ब्रुअरी धक्क्याजवळ होती आणि उधारीची सवलत होती, ही कारणे पुरेशी आहेत.

जाणकारांनी भर घालावी आणि जिथे पटत नसेल तिथे अवश्य लिहावे.

जिज्ञासू वाचक

लेख अतिशय माहितीपूर्ण आहे. दोन शंका आहेत. पहिली अशी की आयपीए इतर बिअरपेक्षा अधिक कडक असे, हे तरी खरे आहे का? दुसरी अशी की हॉजसन यांनी ती शोधली नसेल, तर ती आली कुठून? हॉप्समुळे बिअर टिकते हे तर शास्त्रीय सत्य आहे, मग मुद्दाम जास्त हॉप्स घालणे हा शोधच म्हणायला हवा.

धागाकर्ता

आपल्या दोन्ही शंका योग्य आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या इंडिया पेल एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण सहा ते साडेसहा टक्के असे. त्या काळी इंग्लंडमध्ये घरोघरी प्यायल्या जाणाऱ्या अनेक बिअर याहून कडक होत्या, म्हणजे त्या काळाच्या मानाने ती मध्यमच म्हणावी लागेल.

हॉप्सविषयी सांगायचे तर, उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये जादा हॉप्स घालावेत, हा सल्ला ब्रुअरांना १७६० च्या दशकातच छापील स्वरूपात मिळत होता. ही त्या धंद्यातल्या सर्वांची समाईक माहिती होती. शिवाय इंग्लंडच्या जमीनदारांच्या घरी ऑक्टोबर महिन्यात ताज्या माल्टपासून जी फिकट, भरपूर हॉप्सची बिअर केली जाई आणि दोन-दोन वर्षे मुरवली जाई, तिच्याशी इथे येणाऱ्या पेल एलचे जवळचे नाते होते. कलकत्त्याच्या गॅझेटमध्ये १७८४ साली लंडनची पोर्टर आणि पेल एल या दोन्ही विकायला असल्याची जाहिरात आहे आणि हॉजसन यांचे नाव त्या वृत्तपत्रात १७९० च्या दशकात येते. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा सापडतात ते १८२९ साली, आणि तेही ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या एका वृत्तपत्रात. त्याआधी व्यापारी तिला 'हिंदुस्थानच्या बाजारासाठी तयार केलेली पेल एल' अशा लांब वर्णनाने विकत असत.

प्रवासाने मात्र या बिअरवर खरोखरच परिणाम होत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारे जहाज दोनदा विषुववृत्त ओलांडत असे. चार ते सहा महिने पिंपे उष्णतेत, जहाजाच्या हेलकाव्यांत राहत आणि लाकडात वसलेले जंगली यीस्ट उरलेली साखर हळूहळू खाऊन टाकी. त्यामुळे तळघरात दोन वर्षे मुरावी तशी बिअर काही महिन्यांत मुरलेली असे. त्या यीस्टचा शास्त्रीय छडा १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत क्लॉसन या शास्त्रज्ञाने लावला आणि ते इंग्लिश बिअरमध्ये सापडले म्हणून त्याला ब्रेटॅनोमायसीस हे नाव मिळाले.

जलरसायन

मी पाण्याच्या शुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे पाण्याचा मुद्दा इथे विस्ताराने मांडतो, कारण हॉजसन यांच्यानंतरचा इतिहास त्याशिवाय समजत नाही.

१८२० च्या सुमारास हॉजसन यांच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली, दर वाढवले आणि उधारी बंद केली. त्याच वेळी, १८२२ साली, रशियाने इंग्लिश बिअरवर जबर आयात शुल्क लावले आणि बर्टन-ऑन-ट्रेंट या गावाचा बाल्टिक देशांशी चालणारा जुना व्यापार ठप्प झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना हॉजसनसारखी बिअर करून पाहण्याची सूचना केली. ऑलसॉप यांनी १८२३ पासून माल पाठवायला सुरुवात केली आणि पाठोपाठ त्याच गावचे बास या व्यापारात उतरले. रशियाच्या जकातीमुळे मोकळे झालेले गाव आणि हॉजसन यांनी दुखावलेले व्यापारी एकत्र आले, असे म्हणता येईल.

पण बर्टनची बिअर लंडनपेक्षा सरस ठरली ती तिथल्या विहिरींमुळे. बर्टनच्या भूगर्भात जिप्समचे थर आहेत, म्हणून तिथल्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट यांचे प्रमाण फार मोठे असते. माल्ट गरम पाण्यात भिजवतात तेव्हा कॅल्शियममुळे मिश्रणाची आम्लता योग्य पातळीवर येते, अर्क स्वच्छ निघतो आणि यीस्ट नीट तळाशी बसते. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो, जिभेवर रेंगाळत नाही. याउलट लंडनच्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक असते. असे पाणी फिकट माल्टबरोबर वापरले तर कडवटपणा खरखरीत होतो, पण गडद माल्ट मुळातच आम्लधर्मी असल्यामुळे त्याच्याशी या पाण्याचा मेळ बसतो. लंडन आणि डब्लिन येथे काळ्या बिअर भरभराटीला आल्या, यामागे हे कारण आहे. एकाच माल्टचे दोन नमुने, एक साध्या पाण्यात आणि एक चिमूटभर जिप्सम घातलेल्या पाण्यात, शेजारी-शेजारी ठेवून चाखले तर हा फरक कोणालाही जाणवतो.

लंडनच्या मोठ्या ब्रुअरींनी अखेर हे मान्य केले. इंड कूप यांनी १८५६ साली, चॅरिंग्टन यांनी १८७२ साली आणि ट्रुमन यांनी १८७३ साली बर्टनमध्ये स्वतःच्या ब्रुअरी उघडल्या. त्यानंतर पाण्यात क्षार मिसळून कुठेही बर्टनसारखे पाणी करण्याची रीत रूढ झाली आणि बर्टनचे महत्त्व घटले. आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरींमध्येही सहसा आरओचे पाणी घेऊन त्यात बिअरच्या प्रकारानुसार क्षार घालतात.

मिडलंड्सकर

मी अनेक वर्षे इंग्लंडच्या मध्य भागात राहतो आणि बर्टन इथून फार लांब नाही, म्हणून या चर्चेत राहवले नाही. जलरसायन यांच्या प्रतिसादाला रेल्वेची जोड द्यावी असे वाटते. १८३९ साली बर्टनला रेल्वे पोचली आणि पूर्वी कालव्यांतून हळूहळू जाणारी पेल एल इंग्लंडच्या सर्व शहरांत पोचू लागली. लंडनचे सेंट पँक्रास स्थानक १८६८ साली उघडले. त्याच्या फलाटांखालचे तळघर बर्टनच्या पिंपांसाठी बांधलेले आहे आणि तिथल्या लोखंडी खांबांमधले अंतरही पिंपांच्या मापाने ठरवलेले आहे. आज युरोपला जाणाऱ्या गाड्यांचे प्रवासी त्याच खांबांमधून ये-जा करतात. हिंदुस्थानासाठी म्हणून केलेली बिअर इंग्लंडच्या मध्यमवर्गाची प्रतिष्ठेची बिअर झाली ती या रेल्वेमुळे. १८४५ साली काचेवरचा कर रद्द झाला, त्यानंतर काचेचे पेले स्वस्त झाले आणि बिअरचा सोनेरी रंग व पारदर्शकपणा यांनाही मोल आले.

पुढे जे घडले ते मात्र क्लेशदायक आहे. १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून बिअरच्या अर्काच्या घनतेवर (अर्क जितका घट्ट तितकी बिअर कडक) कर लावला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, नोव्हेंबर १९१४ मध्ये, हा कर एका पिंपामागे ७ शिलिंग ९ पेन्सवरून २३ शिलिंगवर गेला. नंतर धान्य वाचवण्यासाठी बिअरची घनता आणि उत्पादन या दोन्हींवर निर्बंध आले. कडक बिअर करणे म्हणजे अधिक कर भरणे, हे गणित झाल्यावर ब्रुअर बिअर पातळ करत गेले आणि युद्ध संपल्यानंतरही ती पूर्वपदावर आली नाही. मुरवलेल्या पोर्टरची मागणी त्याआधीच ओसरत होती. ब्रिटनमध्ये ती दुसऱ्या महायुद्धानंतर फार टिकली नाही. आयर्लंडमध्ये युद्धकाळातले निर्बंध तुलनेने सौम्य असल्यामुळे तिथली स्टाउट कडक राहिली आणि ब्रिटनमधली काळ्या बिअरची बाजारपेठ बव्हंशी गिनेसच्या हाती गेली. त्या गिनेसनेही १९७० च्या दशकात पोर्टर करणे थांबवले आणि स्टाउटच ठेवली.

आयपीएची अवस्था याहून बरी नव्हती. इथल्या पबमध्ये हातपंपाने ओढून दिली जाणारी, आयपीए नावाची परंपरागत बिअर मी पितो, तिच्यात मद्यार्क साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि कडवटपणा अगदी सौम्य असतो. ती मला मनापासून आवडते. तळघरातल्या थंडाव्यात ठेवलेली, वरून वायू न भरलेली ती बिअर संध्याकाळभर संथपणे पिता येते. परंतु ऑलसॉप यांनी मुंबईला पाठवलेल्या बिअरशी तिचे नाते नावापुरतेच उरले आहे आणि त्यामागे शंभर वर्षांचा करआकारणीचा इतिहास आहे.

न्यूजर्सीकर

मला धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा पूर्णपणे पटत नाही. कर आणि रेल्वे यांनी जुना इतिहास घडवला असेल, पण आयपीएचे पुनरुज्जीवन अमेरिकेत झाले ते चवीमुळे झाले, आणि चवीला इतके दुय्यम लेखणे योग्य नाही.

आमच्या न्यूजर्सीतल्या नेवार्कमध्ये बॅलन्टाइन नावाची ब्रुअरी होती. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळानंतरही ती लाकडी टाक्यांत दीर्घकाळ मुरवलेली आयपीए करत राहिली. ती ब्रुअरी १९७२ साली बंद झाली. त्याच वर्षी ओरेगॉनमध्ये शेतीसंशोधनातून तयार झालेली कॅस्केड नावाची हॉप्सची नवी जात शेतकऱ्यांसाठी उपलब्ध झाली. इंग्लिश हॉप्सना माती, गवत, मुरंबा अशा प्रकारचा गंध असतो. कॅस्केडला पपनसाच्या सालीचा आणि फुलांचा ठळक गंध आहे. ओल्या हॉप्सचे एखादे बोंड तळहातावर चुरडले तर पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. सगळा गंध तिच्यात असतो आणि हात धुतल्यावरही तो जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ साली लिबर्टी एल या बिअरमध्ये कॅस्केड वापरले, सिएरा नेवाडा या ब्रुअरीने १९८० साली आपली पेल एल त्यावर उभी केली, आणि तिथून अमेरिकन आयपीएची परंपरा सुरू झाली. १९९४ साली कॅलिफोर्नियात दुप्पट हॉप्सची डबल आयपीए आली. २००० नंतर व्हर्मांट राज्यातून गढूळ, जवळजवळ आमरसाच्या रंगाची, कडवटपणा कमी आणि फळांचा गंध जास्त असलेली आयपीए आली. तिच्यामागे ना युद्ध होते ना जकात. लोकांना ती आवडली, म्हणून ते तासन्‌तास रांगेत उभे राहिले.

धागाकर्ता

न्यूजर्सीकर, आपला प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. व्हर्मांटच्या गढूळ आयपीएबाबत मी आपल्याशी सहमत आहे. तिथे चवीचाच विजय झाला. परंतु ती चव विकणाऱ्या लहान ब्रुअरी उभ्या राहू शकल्या याला कायद्याची पार्श्वभूमी आहे. १९७६ साली अमेरिकन काँग्रेसने लहान ब्रुअरींसाठी पहिल्या ६०,००० पिंपांवरचा संघीय कर पिंपामागे ९ डॉलरवरून ७ डॉलर केला. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढच्या दोन दशकांतले कितीतरी ब्रुअर घरच्या भांड्यांतच शिकून तयार झाले. कॅस्केडचे संशोधनही सरकारी कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या कार्यक्रमातून झाले होते, हेही लक्षात घ्यावे. जिभेला निवड करता यावी यासाठी आधी निवडायला काहीतरी बाजारात यावे लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिवाजीनगरकर

चर्चा वाचताना सतत एक प्रश्न पडत होता. इंडिया पेल एल आणि पोर्टर या दोन्ही जर आपल्याकडे इतक्या प्रमाणात येत होत्या, तर आज भारतात जवळजवळ सगळी बिअर लागर, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली, का आहे?

थोडी माहिती मीही देतो. बर्फ येण्यापूर्वी साहेबांच्या घरी पेये थंड करणारा खास नोकर असे आणि त्याला आबदार म्हणत. पाण्यात शोरा (पोटॅशियम नायट्रेट) विरघळवला की पाणी गार होते, आणि त्या पाण्यात बाटली फिरवत ठेवून तो बिअर थंड करी. १८३३ साली बॉस्टनहून जहाजाने बर्फ कलकत्त्याला आला आणि लवकरच मुंबईलाही येऊ लागला. गोऱ्या शिपायांच्या छावण्यांत पोर्टर आणि अधिकाऱ्यांच्या मेजांवर पेल एल अशीच विभागणी होती, म्हणजे धागाकर्त्यांनी सांगितलेली माल्टच्या किमतीची पायरी समुद्र ओलांडून इथेही आली होती. १८५० च्या दशकात एडवर्ड डायर यांनी हिमालयात कसौलीला ब्रुअरी काढली, कारण तिथे थंड हवा आणि झऱ्याचे पाणी होते. त्यांची लायन ही बिअर पुढे दीर्घकाळ चालली. पण आज लागरखेरीज काहीही शोधायचे तर मायक्रोब्रुअरीच गाठावी लागते. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली याचा मला अभिमान आहे.

जलरसायन

शिवाजीनगरकर यांच्या प्रश्नाचे उत्तर बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्सेन गावात सापडते. तिथल्या बिअरचा दर्जा इतका खालावला होता की १८३८ साली गावकऱ्यांनी ३६ पिंपे चौकात ओतून दिली आणि नवी नागरी ब्रुअरी बांधण्याचे ठरवले. बव्हेरियाहून आलेल्या योसेफ ग्रोल यांनी ५ ऑक्टोबर १८४२ रोजी तिथे पहिली बिअर केली. इंग्लिश पद्धतीची फिकट माल्टची भट्टी, थंडीत तळाशी आंबणारे बव्हेरियन यीस्ट, झाटेत्स भागातले सुगंधी हॉप्स आणि जवळजवळ क्षारविरहित पाणी यांचा तिथे संयोग झाला. बर्टनचे पाणी एका टोकाचे, तर पिल्सेनचे दुसऱ्या टोकाचे. आणि दोन्ही ठिकाणी सोनेरी बिअर झाली, मात्र तिचा कडवटपणा अगदी भिन्न होता.

लागर थंड तापमानात आठवडेच्या आठवडे ठेवावी लागते, त्यामुळे तिचा प्रसार बर्फ आणि तळघरे यांनी मर्यादित केला होता. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी ब्रुअरींसाठी शीतकरण यंत्रे तयार केली, १८८३ साली कार्ल्सबर्गमध्ये एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत काढली, आणि त्यानंतर लागर कोणत्याही हवामानात, कोणत्याही ऋतूत, दर वेळी सारख्याच चवीची करता येऊ लागली. उष्ण देशात बर्फासारखी थंड पिता येणारी, हलकी आणि खात्रीची बिअर मिळाल्यावर समुद्रमार्गे येणाऱ्या मुरलेल्या एलची गरजच उरली नाही.

शिवाजीनगरकर

मनापासून आभार. आता करांविषयीची माझी निरीक्षणे नोंदवतो, कारण ती धागाकर्त्यांच्या मुद्द्याला पूरक आहेत. आपल्याकडे पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर माइल्ड आणि त्यावरची स्ट्राँग, अशी कायदेशीर वर्गवारी आहे, आणि देशात खपणाऱ्या बिअरमध्ये फार मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. बाटलीच्या किमतीत शुल्काचा भाग इतका मोठा असतो की माइल्ड आणि स्ट्राँग यांच्या किमतीतला फरक ग्राहकाला किरकोळ वाटतो, आणि त्याच पैशात अधिक मद्यार्क मिळत असेल तर तो तिकडेच वळतो. ब्रिटनच्या करामुळे बिअर पातळ झाली, आपल्याकडच्या करामुळे ती कडक झाली, असे मिडलंड्सकरांचा प्रतिसाद वाचून वाटले.

मायक्रोब्रुअरींमध्येही लोक आयपीएपेक्षा बव्हेरियन धाटणीची गव्हाची बिअर अधिक मागवतात, असे मी पाहिले आहे. कडवटपणा नसलेली, केळ्या-लवंगेच्या वासाची ती बिअर मसालेदार जेवणाबरोबर छान जमते. कडू चवीची आपल्याला सवय नाही असे नाही, कारल्याची भाजी आपण आवडीने खातोच. पण थंड पेयात ती चव अनेकांना पहिल्या खेपेला रुचत नाही.

मिडलंड्सकर

गव्हाच्या बिअरचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्यात कर, रेल्वे आणि युद्ध यांपैकी काहीच नाही. बेल्जियमच्या हूगार्डन गावात कोथिंबिरीचे बी, म्हणजे आपले धने, आणि संत्र्याची वाळलेली साल घालून केली जाणारी गव्हाची बिअर होती. १९५७ साली तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली. लहानपणी त्या ब्रुअरीत हातभार लावलेला पिएर सेलिस हा दूधविक्रेता १९६६ साली पुढे आला आणि त्याने आठवणीतून ती बिअर पुन्हा केली. आज भारतातल्या कितीतरी मायक्रोब्रुअरींमध्ये जी धने-संत्र्याची बिअर मिळते, तिचा वंश या एका माणसापर्यंत जातो. एका व्यक्तीची आस्था पुरेशी ठरते, असेही कधी कधी होते.

धागाकर्ता

सेलिस यांचे उदाहरण माझ्या मांडणीत बसत नाही आणि म्हणूनच ते इथे आले हे चांगले झाले.

पोर्टरविषयी एक गोष्ट सांगायची राहिली होती. युरोपात ती मागे पडली तरी उष्ण देशांत तिचा वंश टिकून आहे. डब्लिनच्या गिनेसने १८०१ साली वेस्ट इंडीजसाठी जादा हॉप्सची, अधिक कडक पोर्टर करायला घेतली होती, आणि आजची फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट ही तिचीच वंशज आहे. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांत ती आजही मोठ्या प्रमाणावर खपते. नायजेरियात १९८० च्या दशकात सरकारने सातूच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या ब्रुअरींनी ज्वारी वापरायला सुरुवात केली, आणि ज्वारीची स्टाउट तिथल्या लोकांनी आपली मानली. आपल्या शेजारी श्रीलंकेतली लायन स्टाउटही याच कुळातली आहे. तिथल्या ब्रुअरीचा उगम १८८१ साली नुवारा एलिया या थंड हवेच्या गावी झाला. जवळपास नऊ टक्के मद्यार्काची ही गडद बिअर गूळ, चॉकलेट आणि मनुकांच्या चवीची असते. लागरच्या यीस्टने आंबवलेल्या अशा काळ्या बिअरना आता उष्णकटिबंधीय स्टाउट असा वेगळा प्रकार मानतात.

महाराष्ट्रात ज्वारी आहे, गूळ आहे, कोकणात कोकम आहे, आणि मायक्रोब्रुअरीही आहेत. ज्वारीची काळी बिअर कुणी इथे करून पाहिली असेल किंवा चाखली असेल, तर तिच्यात ज्वारीचे प्रमाण किती होते आणि तिचा फेस कितपत टिकला, हे कृपया इथे लिहावे. ज्वारीची प्रथिने सातूपेक्षा वेगळी असल्यामुळे फेस लवकर बसतो, आणि नायजेरियातल्या ब्रुअरांनाही आरंभी हीच अडचण आली असणार.